उधारीचे दिवस, साडेअकराचा वर्ग

एमबीए करायचंच होतं तर पुण्याचं करायचं, नाहीतर इथल्या विद्यापीठाचं करायचं, हे इंग्लंडचं खूळ कुठून काढलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मला थोड्यांनी, माझ्या नवऱ्याला पुष्कळांनी. सोलापुरात बाईला थेट विचारण्यापेक्षा तिच्या घरच्यांकडे चौकशी करणं जास्त सभ्य समजतात. त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तिलाच विचारा की." त्यामुळे हे लिहिणं माझ्याकडे आलं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघते. परदेशातून ऑर्डर आली की तिथपासून कंटेनर न्हावा शेव्याला जाऊन जहाजावर चढेपर्यंत, आणि पुढे पैसे बँकेत पडेपर्यंत, जेवढा म्हणून कागद लागतो तो माझ्या टेबलावरून जातो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, ड्रॉबॅकचा, म्हणजे निर्यातीवर परत मिळणाऱ्या शुल्काचा, पाठपुरावा. बी.कॉम. झाल्याझाल्या या कामाला लागले आणि करता करता शिकले. काम चोख येत होतं. पण मालकांच्या केबिनमध्ये बँकेचे साहेब, सी.ए. आणि गिऱ्हाईक बोलायला बसले की माझ्याकडे बघून कोणी बोलत नसे. कागद हवा असला की हाक यायची. हे खुपायचं. पदवी घ्यावीशी वाटते ती बहुतेकदा अशा खुपण्यातून. ज्ञानाची ओढ वगैरे अर्जात लिहायला ठीक आहे.

नोकरी सोडणं शक्य नव्हतं. घराचे हप्ते, शाळेतली मुलगी, सासूबाईंचे गुडघे. पुण्याच्या शनिवार-रविवारच्या वर्गांचा विचार केला होता. सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री हुतात्मानेच परत यायचं, आणि सोमवारी कारखान्यात डोळे चोळत बसायचं. एका मैत्रिणीने हे वर्षभर केलं आणि मग सोडलं. तिचं म्हणणं, शिकण्यापेक्षा रेल्वेचंच जास्त झालं.

परदेशातला, पण घरून ऑनलाइन करायचा अर्धवेळ कोर्स हा पर्याय त्यातून पुढे आला. आपल्याकडे "बाहेरून केलं" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. बाहेरून परीक्षा देणं म्हणजे नापासांची सोय, असा समज आहे. ब्रिटनमध्ये हा प्रकार फार जुना. लंडन विद्यापीठ १८५८ पासून कॉलेजात न बसलेल्या विद्यार्थ्यांना पदव्या देत आलं आहे, आणि १९६९ ला तिथे मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ त्यानंतर वीस वर्षांनी, १९८९ चं. शिवाय एमबीएच्या बाबतीत तिकडे एक नियम मला फार आवडला. ॲम्बा नावाची १९६७ साली निघालेली एक संस्था आहे, ती या पदवीला मान्यता देते, आणि तिची मान्यता हवी तर विद्यार्थ्याला किमान तीन वर्षं कामाचा अनुभव असलाच पाहिजे. आपल्याकडे पदवीनंतर लगेच, बावीसाव्या वर्षी एमबीएला बसतात. तिथे मला प्रवेश मिळाला तो माझ्या टेबलावरच्या कागदांच्या जोरावर.

यातच एक भानगड आहे, ती आधीच सांगून टाकते, कारण फोन येतात ते बहुतेक तिच्यासाठी. घरून केलेला असा कोर्स तिकडे नोकरी मिळवायचं तिकीट नाही. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर थांबून काम करायची जी सवलत आहे, ती विद्यार्थी व्हिसावर तिथे राहून शिकलेल्यांना. मला मधल्या निवासी आठवड्यासाठी, म्हणजे तिकडे जाऊन शिकायच्या आठवड्यासाठी, लागला तो साधा पाहुण्याचा व्हिसा. सात रस्त्याला, नव्या पेठेत परदेशी शिक्षणाचे ज्यांचे रंगीत बोर्ड आहेत त्यातले काही लोक हे गोलमोल करून सांगतात. कागदावर विचारा, कागदावरच उत्तर घ्या. परदेशी पदवीला इथे सरकारी नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी समकक्षता लागते, आणि ऑनलाइन पदवीबाबत ती प्रत्येक ठिकाणी मिळतेच असं नाही, हेही पैसे भरायच्या आधी विचारा. मला प्राध्यापक व्हायचं नव्हतं, त्यामुळे माझं भागलं.

पैशाचं म्हणाल तर मी हप्त्याने भरले. २०२३ च्या जानेवारीत पहिला हप्ता गेला तेव्हा पौंड शंभरीच्या घरात होता, शेवटचा गेला तोवर एकशे पंधराच्या वर पोचला होता. यातली गंमत अशी की रुपया घसरला की आमचे मालक खूश. त्यांचं येणं डॉलरमध्ये. सकाळी कारखान्यात "आज डॉलरने बरं केलं" असं ऐकायचं आणि दुपारी बँकेत जाऊन त्याच घसरलेल्या रुपयाने पौंड घ्यायचे. चलनाच्या जोखमीवरचा धडा माझ्याइतका मनापासून वर्गात कोणी वाचला नसेल. बँकेत पॅन, प्रवेशाचं पत्र, फीची मागणी आणि कशासाठी पाठवता त्याचा फॉर्म लागतो. वर्षाला ठरावीक रकमेच्या वर शिक्षणासाठी पाठवलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ती मर्यादा आधी सात लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. हप्त्यांमुळे मी तिच्या खालीच राहिले.

आता वेळेबद्दल. ब्रिटनची पदव्युत्तर पदवी १८० क्रेडिटची असते. एका क्रेडिटमागे दहा तास अभ्यास धरतात, म्हणजे १,८०० तास. तीन वर्षांत वाटले तर आठवड्याला साडेअकरा. कागदावर हे सोपं दिसतं. पण नोकरी करणाऱ्या बाईच्या आठवड्यात साडेअकरा तास रिकामे पडलेले नसतात, ते कोणाकडून तरी घ्यावे लागतात. थोडे मी झोपेतून घेतले. मुलीचा अभ्यास नवऱ्याकडे गेला, आणि तिचं गणित त्यानंतर सुधारलं हे मला मान्य करावं लागतं. दिवाळीचा फराळ जाऊबाईंकडे गेला. त्यांनी तो आनंदाने केला असं मी लिहिणार नाही. त्यांनी तो केला, आणि पहिल्या वर्षी चकल्यांचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "घ्या, तुमच्या एमबीएचा पहिला हप्ता." त्या दोघांचं नाव पदवीच्या कागदावर यायला हवं होतं असं मला वाटतं, पण तशी सोय नाही.

वर्ग तिकडच्या संध्याकाळी सहाला. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, की आपले साडेअकरा. मार्चअखेरपर्यंत तेच. वर्ग संपेपर्यंत दीड वाजायचा. आणि सोलापूरचं पाणी! उजनी भरलं तरी आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि त्या दिवशीही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्याचा आणि प्राध्यापकांचा मुहूर्त बरेचदा एकच निघायचा. कान इयरफोनमध्ये, मांडीवर वही, आणि खाली मोटर चालू करून टाकीकडे लक्ष. एकदा मार्केटिंगच्या सादरीकरणात माझी पाळी आली आणि नेमकी टाकी भरून वाहायला लागली. मागचा आवाज ऐकून शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का. मी हो म्हणाले. सोलापूरचं पाणीवाटप तीन मिनिटांत समजावणं माझ्या आवाक्यात नव्हतं.

गटात आम्ही चौघं होतो. लीड्सच्या रुग्णालयात परिचारिकांचं काम बघणारी एक बाई, लागोसचा सिमेंटवाला, दोह्याचा एक इंजिनियर. कामं वाटून घ्यायची, रविवारी बसून जोडायची. त्या तिघांना डिसेंबरच्या वीस तारखेनंतर हाक मारायची सोय नसते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. जानेवारीत त्यांनी गटाची बैठक नेमकी संक्रांतीच्या आदल्या दिवशी ठेवली तेव्हा मी सरळ जमणार नाही म्हणून सांगितलं. भोगीचा दिवस. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यापाशी उसळलेली गर्दी, आणि त्या काठ्या तोलत चालणाऱ्यांच्या मानेच्या ताठ शिरा. त्या दिवशी सोलापूरचं माणूस दुबईहून सुट्टी काढून येतं, मी घरात बसून फूड डिलिव्हरी कंपनीची केस सोडवणार होते होय? लीड्सच्या बाईने तारीख बदलली आणि फोटो मागितला. पुढच्या वर्षी तिनेच आठवण करून दिली.

अभ्यासात मला सगळ्यात जास्त सोसावं लागलं ते समासातल्या एका शब्दाचं. स्रोत?

पहिल्याच निबंधात मी लिहिलं होतं, सोलापूरच्या टॉवेल धंद्यात उधारी नव्वद दिवसांपर्यंत जाते. समासात लाल अक्षरात, स्रोत? मी लिहिलं, सूत महागलं की छोटा मागवाला आधी कांडीवालीची, म्हणजे सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईची, मजुरी रोखतो. स्रोत? स्रोत काय सांगणार, मी अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात वाढले. घर मराठी, पण आजूबाजूला सगळी तेलुगू घरं आणि प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग. शाळेतून आल्यावर मैत्रिणी दप्तर टाकून कांड्या भरायला बसायच्या आणि मी त्यांच्याशी बोलता यावं म्हणून शेजारी बसायचे. कोणाचं बीम उतरलं, कोणाला सूत मिळालं नाही, कोणत्या व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेत, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळायचं. याला संदर्भसूचीत कसं बसवायचं?

गुणांची तऱ्हाही निराळी. तिकडे पन्नासला पास, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन, आणि सत्तरच्या वर फार थोडे जातात. मला पहिल्या निबंधाला अठ्ठावन्न पडले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, नोकरी करून एवढे पुष्कळ." त्यांच्या लेखी मी काठावर वाचले होते. अठ्ठावन्नच्या खाली शेरा होता की लेखन जिवंत आहे, पण वर्णन आहे, विश्लेषण नाही.

त्या शेऱ्याचा राग गेला तो एका वाचनामुळे. आल्फ्रेड मार्शल नावाचा इंग्रज अर्थतज्ज्ञ. त्याने १८९० साली लिहून ठेवलं आहे की एखादा धंदा एका गावात पुष्कळ काळ राहिला की त्यातली गुपितं गुपितं उरत नाहीत, ती जणू हवेतच असतात आणि पोरं ती नकळत शिकतात. रात्री एक वाजता हे वाचलं आणि मी नवऱ्याला उठवलं. माझ्या पूर्व भागाबद्दल, मी जन्मायच्या कितीतरी आधी, केंब्रिजच्या एका प्राध्यापकाने लिहून ठेवलं होतं! त्याच्या डोळ्यासमोर लँकेशायर, शेफिल्ड अशी ठिकाणं होती. पण सोलापूरची जुनी कापड मिल १८७७ मध्ये सुरू झाली, म्हणजे मार्शल लिहीत होता तेव्हा इथेही भोंगा वाजतच होता. नवरा म्हणाला, "मग आता त्याचं नाव टाक की समासात." आणि खरोखरच तसं झालं. हवेत काय आहे हे सांगायला मला आधार मिळाला. आता नुसतं हवेत आहे म्हणून चालणार नव्हतं, ते खाली उतरवून मोजायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या निवासी आठवड्यात एक दुपार मोकळी होती. बाकीचे मँचेस्टरचं फुटबॉलचं मैदान बघायला गेले. मी स्टायलला गेले. विमानतळाजवळचं खेडं आहे, तिथे क्वारी बँक नावाची १७८४ सालची सूतगिरणी जपून ठेवली आहे. पाण्यावर चालणारं भलंमोठं चाक, मालकाचं घर, गिरणीत राबणाऱ्या अनाथ मुलांचं वसतिगृह. आत माग आहेत, जुन्या लँकेशायर घडणीचे. तिथला माणूस दर थोड्या वेळाने एक माग चालू करून दाखवतो. त्याने पट्टा सरकवला, धोटा सुटला आणि खटाखट सुरू झालं. बघे कानात बोटं घालून मागे सरले. मी पुढे गेले. इतक्या लांब जाऊन कानावर पडला तो दाजी पेठेतल्या दुपारचा आवाज. त्या माणसाने मला विचारलं, हे तुम्ही आधी पाहिलंय का. मी म्हणाले, आमच्याकडे यावर अजून घर चालतं. त्याने माग बंद केला आणि मग अर्धा तास प्रश्न विचारले. माग किती, मजुरी कशावर ठरते, बायका काय करतात, पोरं पुढे येतात का. शेवटच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. येत नाहीत. पुण्याला जातात, आयटीत नाहीतर डिलिव्हरीवर.

परतताना मँचेस्टरच्या अँकोट्स भागातून गेले. तिथल्या गिरण्यांची आता राहती घरं झाली आहेत, लाल विटा तशाच ठेवून. इथे आपल्या जुन्या मिलच्या जागेचं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. गिरण्या जातात, हे दोन्हीकडे सारखं. त्यांच्याकडे विटा राहिल्या, आपल्याकडे माग राहिले.

प्रबंधाला मी घेतला तो उधारीचाच विषय. आयकर कायद्यात ४३बी(एच) नावाचं कलम २०२३ च्या अर्थसंकल्पात आलं आणि २०२३-२४ च्या हिशेबाला लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरायचा नाही, ज्या वर्षी पैसे देशील त्या वर्षी धर. मुदत छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यातली. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, करार नसेल तर पंधरा. २०२४ च्या मार्चमध्ये कापडाच्या बाजारात जी घबराट झाली ती यामुळे. सोलापुरात मजुरीवर माग चालवणाऱ्याकडे लेखी करार कुठला असायला! सगळं तोंडी. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्याला पंधरा दिवसांत पैसे मिळायला हवेत. मिळतात का, एवढाच माझा प्रश्न.

आमचा कारखानाही बाहेरून काम करून घेतो. म्हणजे मी ज्यांना विचारणार, त्यांची बिलं आमच्याच अकाउंट्समध्ये पडलेली असायची शक्यता. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीने हेच नेमकं विचारलं आणि मला त्यांचं कौतुक वाटलं. आमच्याकडे काम करणारे सगळे मी वगळले. मालकांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "विचारा, पण आमच्याबद्दल विचारू नका," आणि हसले. ते हसणं पूर्ण हसणं नव्हतं.

समितीचा एक संमतीचा फॉर्म असतो. माहितीपत्रक दोन पानी, खाली सही. मी ते मराठीत केलं, शेजारच्या मुलीने तेलुगूत केलं. पहिल्याच मुलाखतीला एका मागवाल्या अण्णांकडे गेले. आठ माग, पुढची खोली त्यांच्यात गेलेली, मागच्या खोलीत संसार. त्यांनी कागद पालथा करून बघितला.

"सही कशाला?"

"विद्यापीठाला लागते, अण्णा. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"नाव येणार नाही तर सही कशाला?"

याला उत्तर नाही. मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, यात लिहिलंय की तुम्हाला वाटलं तर मधेच कधीही सोडता येईल.

"धंदा सोडता येईना, आणि हे सोडून काय करू बे?" ते हसले, मग त्यांची बायको हसली, आणि तिने चहा टाकला. सही मात्र केली नाही. बँकेच्या कागदावर केलेल्या एका सहीने त्यांच्या भावाला काय भोगावं लागलं ते त्यांनी मला चहाबरोबर सांगितलं. मी समितीला लिहिलं की इथे सही म्हणजे अडकणं, तोंडी संमती रेकॉर्ड करायला परवानगी द्या. त्यांनी कारणं मागितली, मी दिली, परवानगी आली. प्रबंधातलं माझं सगळ्यात आवडतं पान हे आहे आणि ते परिशिष्टात आहे, जिथे कोणी जात नाही.

मुलाखतींत जे कळलं ते कुठल्या पेपरात नव्हतं. एकाला व्यापाऱ्याने सांगितलं होतं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) रद्द करून ये, मग काम देतो. नोंदणी नाही म्हणजे कलम नाही. पण जास्त करून चालायचं ते याहून साधं होतं. माल आज घ्यायचा आणि बिल पुढच्या महिन्यात करायला लावायचं. कागदावर पंधरा दिवस पाळले जातात, कारण मोजणीच उशिरा सुरू होते. कायदा म्हणतो माल स्वीकारल्यापासून मोजा. सी.ए. बघतो बिलावरची तारीख. या दोघांच्या मधे अण्णांचे दिवस हरवतात. मी आयुष्यभर शिपिंग बिलावरच्या तारखा जुळवत आले, म्हणून मला ही फट दिसली. नोकरी सोडून दोन वर्षं कुठल्या हिरव्या आवारात शिकायला गेले असते तर मी या कलमावर चांगला निबंध लिहिला असता, पण तो कायद्याच्या बाजूने लिहिला असता. दिवसा तारखा टाकायच्या आणि रात्री त्या तारखांवर वाचायचं, यातून जे सापडलं ते वेगळं होतं. अर्धवेळ शिकण्याची थोरवी गाणारे ज्याला शिस्त, जिद्द वगैरे म्हणतात ती मला फारशी दिसली नाही. टेबल आणि वही एकाच आठवड्यात डोळ्यासमोर असणं, माझ्या लेखी फायदा तो.

लिहायचे शेवटचे महिने वाईट गेले. २०२५ च्या जुलैत, २४ तारखेला, भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. कारखान्यात पेढे वाटायचे तेवढे राहिले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने आधी पंचवीस टक्के आणि मग आणखी पंचवीस असं शुल्क लावलं आणि अमेरिकेचं गिऱ्हाईक गप्प झालं. तयार टॉवेलच्या पेट्या गोदामात छताला टेकल्या. दिवसभर ईमेल, फोन, बँक, आणि रात्री प्रबंधाचं चौथं प्रकरण. मुदतवाढ मागता येते, पुराव्यासकट. मी गोदामाचा फोटो जोडायच्या विचारात होते. मग तसंच लिहून टाकलं. मेरिट मिळालं.

त्या दिवसांत मालकांनी एकदा केबिनमध्ये बोलावलं. कागद न मागता. खेळतं भांडवल कुठे अडकतंय त्याचा तक्ता करून देता का म्हणाले. मी केला. सूत पडून राहतं ते दिवस, विणण्या-रंगवण्या-शिवण्याचे दिवस, माल गेल्यावर पैसे यायचे दिवस, त्यातून सूतवाल्याला द्यायची मुदत वजा. समजा हे सगळं मिळून १०५ दिवस आले आणि बँकेचं व्याज १२ टक्के धरलं, तर लाखामागे साडेतीन हजारांच्या आसपास नुसतं वाट बघण्यात जातात. माझी सूचना होती की सूतवाल्याकडून मुदत वाढवून घ्या, आमच्याएवढा रोख गिऱ्हाईक त्याला दुसरा नाही.

मालकांनी तक्ता नीट वाचला. मग म्हणाले, "२०२० ला सगळं बंद असताना या माणसाने न विचारता दोन गाड्या सूत उतरवलं होतं. तो कॉलम कुठाय तुमच्या तक्त्यात, मॅडम?"

तो कॉलम पाठ्यपुस्तकात नाही. अण्णांची बिलं उशिराने करायला लावणाऱ्यांकडेही सांगायला असाच एखादा कॉलम असतो, हेही मला मुलाखतींमुळे माहीत आहे. अडचणीला पैसे दिले होते, पोरीच्या लग्नाला दिले होते. त्यातलं कुठलं देणं आणि कुठलं दाबणं हे मला अजून सांगता येत नाही, आणि माझ्या परीक्षकांनी त्याबद्दल विचारलंही नाही. सूतवाल्याची मुदत होती तीच राहिली. एका परदेशी गिऱ्हाइकाच्या अटी मात्र मालकांनी बदलल्या, आणि त्या बोलण्याच्या वेळी मी खुर्चीवर होते.

पगार किती वाढला, हे विचारणाऱ्यांना सांगते, थोडा. फी भरून निघायला वेळ आहे.

पदवीचा कागद आला तेव्हा अण्णांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आमच्याकडनं एवढं विचारून नेलंस, त्याचं झालं काय ते आम्हाला कळेल असं लिहून दे की. चार पानं. मराठीत." त्यांचं म्हणणं रास्त होतं. सध्या ते लिहिते आहे, आणि प्रबंधापेक्षा हे जड जातंय, कारण इथे स्रोत विचारणारा माणूस स्वतःच स्रोत आहे. पहिला खर्डा वाचून दाखवला तर त्यांनी दुसऱ्याच परिच्छेदाला थांबवलं.

"पंधरा दिवस म्हणतीस, ते कुठल्या तारखेपासून? माल दिला तिथून का बिल केलं तिथून?"

"माल त्यांनी स्वीकारला तिथून."

"मग हे पहिल्या ओळीत घे. बाकीचं इंग्लंडचं खाली लिही."

घेतलं. आणि माल दिला की तारीख टाकून एक चिठ्ठी करून घ्या, नुसती व्हॉट्सॲपवर पोच मागितली तरी चालेल, हे दुसऱ्या ओळीत. तेलुगू प्रत शेजारची मुलगीच करून देणार आहे, पण तिची बारावीची परीक्षा झाल्यावर. आणि या वेळी फुकट नाही, असं तिने बजावून ठेवलंय. किती घेणार ते अजून ठरलेलं नाही. पैसे मात्र रोख हवेत म्हणाली.